सोप्या वाटा, सुधारित आवृत्ती

६ मार्च

प्रिय दादा,

माझा पाय मोडला. डोंगरावर नाही, स्वयंपाकघरात. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढत होते. इतकी वर्षं लोकांना रानावनातून हिंडवणारी पुस्तकं लिहिली, कधी साधा काटा रुतला नाही, आणि घरच्या स्टुलानं घात केला. डॉक्टरांनी विचारलं, किती उंचावरून पडलात? मी म्हटलं, गुडघ्याएवढ्या. त्यांनी कागदावर 'उंचावरून पडणे' असं लिहिलं. जरा बरं वाटलं.

काळजी करू नकोस. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका रोज डोकावून जातात, आणि मी कशी बसले आहे त्यात काही ना काही चूक काढतात. एकूण सोय झाली आहे.

आता कामाचं. 'सोप्या वाटा'ची सुधारित आवृत्ती काढायची आहे. पुस्तकात जिथे विहीर लिहिली आहे तिथे आता पेट्रोल पंप आहे, अशी वाचकांची पत्रं येतात म्हणे. बहुतेक वाटा मी गेल्या हिवाळ्यात पुन्हा चालून आले. चार राहिल्यात आणि चारही तुझ्या बाजूच्या: टेकड्यांची, जंगलातली, तलावाकाठच्या गावाची आणि नदीची. घड्याळाचं दुकान बंद केल्यापासून तू घरीच असतोस. 'आता सगळे फोनवर वेळ बघतात, गिऱ्हाईक राहिलं नाही,' असं तूच कळवलं होतंस. मग जा की, चालून ये. वाटा नावाप्रमाणे सोप्या आहेत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं डोळ्यांपुढे ठेवूनच मी त्या निवडल्या, आणि तू तर दोन्हींत मोडतोस.

बघायचं काय, तर खुणा शाबूत आहेत का, वाट कुठे बदलली आहे का, नवं काय उभं राहिलंय, बसायला सावली कुठे. फोन नको, लिहून पाठव, मला छापायचं आहे. तसाही तू फोन उचलत नाहीसच.

तुझी,
छोटी


१७ मार्च

छोटी,

पाय मोडल्याचं कळून वाईट वाटलं. स्टूल कसं आहे?

फोनचं म्हणशील तर फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. पत्रात निदान माझी पाळी येते.

टेकड्यांच्या वाटेवर जाऊन आलो. एकटाच जाणार होतो, पण शेजारचे ड्रायव्हर बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं. त्यांनी जन्मभर बस चालवली, त्यामुळे पायी चालायची सवय नाही, पण निवृत्त झाल्यापासून घरात बसवतही नाही. वाटेत जे दिसेल ते मोठ्यानं सांगत राहतात. 'पुढे उजवं वळण. खड्डा. गाय, गाय सरकली.' मी म्हटलं, हे कंडक्टरचं काम. म्हणाले, माझा कंडक्टर झोपायचा.

वाट पायथ्यापासून रुंद आहे. पायाखाली आधी बारीक खडी, मग मऊ माती, मग गवत. चढ असा आहे की बोलता बोलता चढता येतो. ड्रायव्हरांना धाप लागली, पण ती बोलण्याची असावी. शेवटच्या चढाआधी ते एका दगडावर बसले आणि म्हणाले, 'इथून पुढे गाडी जात नाही.' मग मी एकटा वर गेलो. चढताना वारा डाव्या गालावर लागतो, माथ्यावर पोचलं की एकदम चारी बाजूंनी येतो. तेव्हा समजावं की पोचलो.

माथ्यावर कुणीतरी तारेचं कुंपण घातलंय. आत मधमाश्या पाळल्या असाव्यात. एकसारखा गुणगुणाट येतो, एवढ्या वाऱ्यातही खंड नाही. फार कष्टाळू जात. जवळ जाऊ नका असं वाचकांना सांग.

खुणा जशा असायला हव्यात तशा आहेत. देखावा चांगला आहे.

दादा


२५ मार्च

प्रिय दादा,

'देखावा चांगला आहे' हे मी छापू शकत नाही. कुठला देखावा? पूर्वेकडे तळं दिसायचं, ते दिसतं का? खाली कौलारू घरं होती, ती आहेत का? खुणांचे बाण आधी पिवळे होते, आता निळे केलेत म्हणतात. खरं काय? माणूस पिवळे बाण शोधत हिंडला आणि बाण निळे असले, तर तो शिव्या मला देणार.

मधमाश्यांचं मात्र झकास. लगेच चौकटीत टाकलं: 'माथ्यावर मधमाशीपालन केंद्र. मुलांना दाखवावं, अंतर राखावं.' प्रकाशक खूश आहेत. पुस्तकात काहीतरी जिवंत आलं म्हणाले.

तुझं अक्षर केवढं झालंय रे! एका पानावर मावतात चार ओळी. मनगटी घड्याळाच्या पाठीवर नावं कोरून देणारा माणूस, आणि लिहितोस दुकानाच्या पाटीसारखं.

आणि ते ड्रायव्हर. स्पष्टच लिहिते. गाय दिसली की ओरडणारा आणि चढ आला की बसणारा माणूस बरोबर कशाला? तुझं सगळं लक्ष त्यांच्या बडबडीत जातं आणि बाणांचा रंग बघायचा राहतो. पीत तर नाहीत ना? वहिनी गेल्यापासून तू येईल त्याला घरात घेतोस. जंगलात त्यांना नेऊ नकोस.

पाय खाजतो आहे. प्लास्टरच्या आत विणकामाची सुई घालून पाहिली. सुई आत राहिली.

छोटी


५ एप्रिल

छोटी,

नवं पेन जाड आहे, म्हणून अक्षर मोठं येतं. बाणांचा रंग उन्हानं उडालाय.

ड्रायव्हर पीत नाहीत. मी विचारलं. म्हणाले, 'चहा पितो असं लिहा.' जंगलात त्यांना नेलं नाही, ते आले.

जंगलात शिरलं की मानेवरचं ऊन उतरतं, कुणी गार हात ठेवावा तसं वाटतं. तिथून वाट सुरू झाली असं धरायला हरकत नाही. ती दोनदा फुटते. पहिल्या फाट्याला उजवीकडून ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतो, तिकडे वखार आहे, तिकडे जायचं नाही. डावीकडून ओल्या पानांचा वास येतो, तिकडे जायचं. दुसऱ्या फाट्याला जरा थांबलं की पाणी ऐकू येतं. त्याच्या रोखानं चालायचं. बोलत बोलत गेलं तर चुकायला होतं. आमचं झालं तसं. परत यावं लागलं.

पायाखाली आधी पानं वाजतात, मग मुळं लागतात. मुळांच्या टप्प्यात हातात काठी हवी. ड्रायव्हर प्रत्येक मुळाला 'गतिरोधक' म्हणतात. ओढ्यावर लाकडी साकव आहे, त्याचा डावा कठडा हलतो, उजवा धरावा. पलीकडे एक आडवं झाड पडलंय, साल गेलेलं, बसायला गुळगुळीत. तिथे बराच वेळ बसलो. वर एक पक्षी दाराची बिजागरी करकरावी तसा ओरडत होता. ड्रायव्हर म्हणाले, 'ह्याला तेल हवंय.' मग तेही गप्प झाले. ही बातमी आहे, नोंद घे.

मला वाटतं, मी आधी कधी जंगलात गेलोच नव्हतो. गेलो असेन, पण नुसतं बघून परत आलो असेन.

सुई निघाली का?

दादा


१६ एप्रिल

दादा,

प्रकाशक रविवारी बायकोमुलांना घेऊन टेकडीवर गेले होते. मधमाश्या दाखवायला.

मधमाश्या नाहीत. कुंपणाच्या आत मोबाइलचा मनोरा आहे. लाल आणि पांढरा, सात मजली इमारतीएवढा. त्याच्या बुडाशी यंत्राची खोली आहे, ती गुणगुणते. प्रकाशक सभ्य गृहस्थ आहेत. एवढंच म्हणाले, 'तुमचे बंधू नक्की कोणत्या टेकडीवर गेले होते?' त्यांची धाकटी मुलगी घरी पोचेपर्यंत रडत होती म्हणे. तिनं मधमाश्यांसाठी चित्र काढून नेलं होतं.

सात मजली लाल-पांढरा मनोरा माणसाच्या नजरेतून सुटत नाही, दादा. म्हणजे तू वर गेलाच नाहीस. मग जंगलाचं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात वास आहेत, आवाज आहेत, पण एक रंग नाही की एक आकार नाही. असलं पत्र चहाच्या दुकानात बसूनही लिहिता येतं. तुझ्या त्या ड्रायव्हरांनी थापा मारल्या आणि तू लिहून घेतल्यास, असंच ना?

'जमत नाही' म्हणाला असतास तर मी एका शब्दानं बोलले नसते. पण खोटं कशाला? तुझ्यासारखा सरळ माणूस माझ्या पाहण्यात नाही, असं मी चारचौघांत सांगत आले. आता काय सांगू?

उरलेल्या दोन वाटा राहू देत. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते.

छोटी


३० एप्रिल

छोटी,

टेकडीवर गेलो होतो. मनोरा असेल. मी मधमाश्या समजलो. प्रकाशकांच्या मुलीला माझ्याकडून सॉरी सांग.

परवा तलावाकाठच्या वाटेवर जाऊन आलो. एकटा. साक्षीदार लागत असेल तर तिथली होडीवाली आहे.

बस सोडली की पाणी उजव्या हाताला ठेवून चालायचं. वाट सपाट आहे. गावातली घरं थेट पाण्यापर्यंत उतरली आहेत. घरामागच्या पायऱ्यांवर कुणी भांडी घासतं, कुणी कपडे आपटतं. एका घरात कुणीतरी पेटी शिकत होतं, तेच तेच चुकत होतं. होड्या एकमेकींवर ठोकतात, त्याचा आवाज रिकाम्या पिंपासारखा येतो.

गावाला दोन धक्के आहेत. पहिला वापरात आहे. दुसरा गेल्या पुरात अर्धा वाहून गेला. त्याच्या टोकाला दोरी बांधून फडकं लावलंय. फडकं लाल आहे. रंग मुद्दाम लिहितो आहे.

तलावाचं पाणी गार असतं आणि दुसऱ्या धक्क्याच्या टोकाशी ते छातीएवढं आहे. ह्या दोन्ही गोष्टी मी खात्रीनं सांगू शकतो.

पेन भिजल्यामुळे थोडक्यात आटोपतो.

दादा


३ मे

ताईंना नमस्कार.

मी ड्रायव्हर. तुमची-माझी ओळख नाही, पण तुमची पत्रं घड्याळजींना मीच वाचून दाखवतो, त्यामुळे माझी तुमच्याशी आहे. माझ्याबद्दल जे जे लिहिलंत तेही मोठ्यानं वाचलं. काही गाळलं नाही. 'पीत तर नाहीत ना' इथे जरा थांबलो होतो. घड्याळजी म्हणाले, पुढे चला.

त्यांना दिसत नाही हे तुम्हाला सांगणार नाही, असा मी त्यांना शब्द दिलाय. तो मी पाळणार. म्हणून तेवढं सोडून बाकीचं लिहितो.

बाकीचं असं की दुकान गिऱ्हाईक नाही म्हणून बंद झालं नाही. एक बाई घड्याळ घेऊन आल्या होत्या. घड्याळजींनी ते उघडलं आणि आतली केसासारखी स्प्रिंग चिमट्यानं बाहेर ठेवली. मग ती त्यांना सापडेना. टेबलावर, समोरच होती. मी बाकावर बसून बघत होतो. चाचपून बघितली तर वाकेल, म्हणून ते नुसते बसून राहिले. शेवटी बाईंना म्हणाले, 'हे माझ्याच्यानं होणार नाही.' बाई गेल्यावर शटर ओढलं ते आजवर उघडलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. ते काय म्हणाले तेही मी सांगत नाही.

टेकडीला मी खाली बसलो ही माझी चूक. दम लागला होता, आणि बसलो तिथून माथा चढाआड होता. मी वर गेलो असतो तर मनोरा मनोराच राहिला असता.

तुमचं शेवटचं पत्र वाचल्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. मग मला न सांगता तलावाला गेले. मी मागच्या बसनं गेलो. पोचलो तेव्हा होडीवाली त्यांना कॉलरला धरून पाण्यातून ओढत होती.

ती म्हणाली, 'काका, एवढं फडकं बांधलंय, दिसलं नाही?'

हे म्हणाले, 'वाटलं, कुणी वाळत घातलंय.'

ती म्हणाली, 'लालभडक आहे!'

हे म्हणाले, 'बरं झालं सांगितलंत. लिहायला लागेल.'

मग काठावर बसून कुडकुडत हसायला लागले. आम्हीही हसलो. थोड्या वेळानं आमच्या लक्षात आलं की ते हसत नाहीत. होडीवाली उठून दोर गुंडाळायला लागली, मी तलावाकडे बघत बसलो. माणूस रडत असेल तर त्याच्याकडे बघू नये, आणि त्यांना तर आम्ही बघतोय की नाही हेही नीट कळलं नसतं.

ताई, माझ्या उभ्या नोकरीत एक अपघात नाही. हा पहिला झाला असता, आणि मी गाडीत नव्हतो. म्हणून लिहिलं. रागावायचं तर माझ्यावर रागवा, पत्र मीच वाचणार आहे.

आपला,
ड्रायव्हर

ता. क. मी पीत नाही.


८ मे

ड्रायव्हरसाहेब, आधी तुमच्यासाठी. मी तुमची मनापासून माफी मागते. हे वाक्य मोठ्यानं वाचा. आता पुढचं दादासाठी.

दादा,

तुझी सगळी पत्रं पुढ्यात मांडून बसले आहे. केवढाली अक्षरं. आणि मी पेनावर विश्वास ठेवला.

मी सगळं ठरवलं आहे. येत्या रविवारी गाडी पाठवते, कपडे भरून तयार राहा. मागची खोली रिकामी केली. बाल्कनीपाशी आरामखुर्ची मांडली आहे, सकाळचं ऊन येतं. रेडिओ आणलाय. तुला कशालाही हात लावावा लागणार नाही. चहा हातात मिळेल, ताट पुढ्यात येईल. जिन्यावरून एकट्यानं उतरायचं नाही, एवढी एकच अट. खालच्या शिक्षिका दुपारी येऊन पेपर वाचून दाखवतील, त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत. वाटा विसर. पुस्तक गेलं खड्ड्यात. मीच तुला तिकडे पाठवलं.

बाबांचं केलं तसं तुझं सगळं करेन. तू का नाही सांगितलंस?

छोटी


१५ मे

छोटी,

तुझी गाडी आली होती. चालकाला चहा दिला. आमच्या ड्रायव्हरांनी त्याला क्लच कसा दाबायचा ते समजावलं, ते त्याला फारसं आवडलं नाही. मग गाडी रिकामी परत पाठवली.

का नाही सांगितलं, ते तूच लिहिलं आहेस. बाबांचं केलं तसं.

बाबांची नजर गेली तेव्हा आपण त्यांना खिडकीशी खुर्चीत बसवलं. आईनं, तू, मी. प्रेमानंच. पेला उचलायला गेले की आपण म्हणायचो, 'राहू द्या बाबा, सांडेल.' उठायला लागले की म्हणायचो, 'काय हवंय, आम्ही देतो.' हाडाचा सुतार माणूस. एकदा त्यांनी रंधा मागितला, काम करायला नाही, नुसता हातात धरायला. लागेल म्हणून आपण तोही दिला नाही. पुढे त्यांनी काही मागायचंच सोडलं. आपण म्हणायचो, बाबा किती शांत झालेत. आपल्याला तेव्हा तेवढंच सुचलं, दोष कुणाला देत नाही. पण ती खुर्ची मला आठवते, आणि आता तू लिहितेस की सकाळचं ऊन येतं.

मला दिसत नाही असं नाही. मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघायला जावं ते नेमकं पुसलं जातं, आणि भोवतालचं राहतं. माणसाकडे पाहिलं तर कान दिसतात, चेहरा नाही. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहील किंवा हळूहळू वाढेल, पण मिट्ट काळोख होणार नाही. मला भीती वाटते. रोज उठलो की आधी छताकडे बघतो, नजरेतला डाग वाढला का म्हणून. दुकानात वाटायची, घरात वाटते. जंगलात वाटली नाही. तलावाच्या वाटेवरही वाटली नाही, पाण्यात पडेपर्यंत. तू मला पाठवलंस म्हणून रडत बसू नकोस. टेकडीवर मी तुझ्यासाठी गेलो होतो. पुढच्या दोन्ही ठिकाणी स्वतःसाठी गेलो.

तुला यायचं असेल तर जरूर ये. न्यायला येऊ नकोस.

दादा


२ जून

प्रिय दादा,

ह्याआधी तुला तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हींत 'पण' फार होते.

मग त्या आरामखुर्चीत मीच बसून पाहिलं. पायामुळे नाहीतरी बसायचंच होतं. शिक्षिकांना सांगितलं, आज मला काही करू देऊ नका. त्यांनी मनावर घेतलं. चहा हातात दिला, पुस्तक हातातून घेतलं, दिव्याचं बटणसुद्धा दाबू दिलं नाही. जेवणापर्यंत ठीक वाटलं. दुपारी मी त्यांच्यावर ओरडले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, 'तुम्हीच सांगितलं होतं.'

बाबा ओरडलेसुद्धा नाहीत, दादा.

प्लास्टर निघालं. सुई सापडली. पाय लाकडासारखा झालाय आणि दिसतोही तसाच. रोज थोडं चाला म्हणतात, सपाट जमिनीवर, कुणाच्या तरी सोबतीनं. नदीची वाट सपाट आहे आणि तीच एक राहिली आहे. प्रकाशक घाई करताहेत. जंगलाचं प्रकरण तू लिहिलंस तसंच्या तसं छापायला दिलं. ते म्हणाले, ह्यात देखावा कुठे आहे? मी म्हटलं, पहिल्या फाट्याशी जाऊन गप्प उभे राहा. ते गेले. परत येऊन म्हणाले, वखार खरंच उजवीकडे आहे.

शनिवारी सकाळच्या बसनं येते. न्यायला नाही. तू मला ओळखशील की नाही कल्पना नाही, म्हणून मीच हाक मारेन. ड्रायव्हरसाहेब, तुम्हीही चला.

छोटी


१४ जून

छोटी,

सुखरूप पोचलीस हे कळलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजला हेही कळलं. माझ्या घोट्याचंही तेच झालंय.

नदीच्या वाटेबद्दल तूच लिही, ह्या खेपेला तू होतीस. वाट सोपी आहे असं मात्र लिहू नकोस. आपण ज्या वेगानं गेलो त्या वेगानं एक कासव पुढे गेल्याचं ड्रायव्हरांनी जाहीर केलं. मी तुझा दंड धरला होता की तू माझा, ह्यावर आपण भांडलो. ते भांडण मिटलेलं नाही. तू सगळ्या खुणांचे रंग सांगत होतीस, मी पायाखालचं सांगत होतो, आणि ड्रायव्हर दोघांनाही दुरुस्त करत होते. एकदा तू 'सांभाळ, दगड' म्हणून ओरडलीस आणि स्वतःच ठेचकाळलीस. मला हसू आलं, मी ते लपवलं नाही. तू धरायला आली नाहीस, मी उठवायला आलो. बरं वाटलं.

आता होडीतलं. तू पुस्तकात लिहिणार नाहीस, म्हणून मी लिहितो.

आपण पलीकडे जायला होडीत बसलो तेव्हा तू माझ्या समोर बसलीस. आधी बडबडत होतीस, मग गप्प झालीस. मी तुझ्या खांद्यावरून पलीकडच्या टेकडीकडे बघत होतो. तू ड्रायव्हरांना हळूच म्हणालीस, 'दादाला टेकडी आवडली वाटतं.'

एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. जे बघायचं त्याच्याकडे थेट बघितलं तर ते जातं. त्याच्या शेजारी बघावं लागतं. मग ते कडेनं दिसतं, अंधूक, पण दिसतं. हे मला अलीकडेच जमायला लागलंय. तेव्हा तुला बघायचं तर मला टेकडीकडे बघणं भाग होतं. होडी लागेपर्यंत मी टेकडीकडे बघत राहिलो.

तू म्हातारी झालीस. कानाशी सगळे केस पिकलेत. हनुवटी आईची आली आहे, पूर्वी नव्हती. तू रडत होतीस. ओठ घट्ट मिटून, आवाज न करता. ओढणीनं तोंड पुसत होतीस आणि ड्रायव्हरांना हातानं खुणावत होतीस, बोलू नका म्हणून. पहिल्यांदाच त्या माणसानं समोर दिसलेलं मोठ्यानं सांगितलं नाही. मग तू गळा साफ करून अगदी सरळ आवाजात म्हणालीस, 'पाणी किती शांत आहे नाही, दादा?' मी हो म्हटलं.

मला दिसतंय हे तेव्हाच सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तू डोळे पुसून हसली असतीस. मला तुला तशीच आणखी थोडा वेळ बघायचं होतं. पुन्हा किती वेळा दिसशील, माहीत नाही.

तेव्हा पलीकडच्या काठाबद्दल काही छापायचं असेल तर ड्रायव्हरांना विचार. टेकडी कशी होती, मला सांगता यायचं नाही.

दादा